कोर्टातला अंधार

पुण्यात, नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून चालत दोन मिनिटांवर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही महिन्यातून एकदा जमतो. आम्ही म्हणजे व्हिडिओ एडिट करणारी माणसं. कुणी लग्नाच्या फिल्म करतं, एक शिक्षिका आपल्या शाळेसाठी धड्यांचे व्हिडिओ बनवतात, दोघं-तिघं कॉलेजात आहेत, मी छोटे माहितीपट करतो. आणि ज्यांना सगळे नुसतं काका म्हणतात ते फिल्मच्या रिळांपासून संकलन करत आलेले, आता निवृत्त. गटाला नाव नाही, वर्गणी नाही. चहा आळीपाळीने.

पहिला तास हत्यारांचा असतो. कुणाचा लॅपटॉप फोर-के फुटेजला अडकतो, मग प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कामचलाऊ प्रती, कशा करायच्या ते दाखवायचं. कुणाची हार्ड डिस्क गेलेली असते, मग बॅकअप दोन ठिकाणी आणि त्यातला एक घराबाहेर, हे पुन्हा एकदा सगळ्यांनी ऐकायचं. लग्नाचं काम करणारे दादा वर्षानुवर्षं एडियसवर बसलेले, कॉलेजची मुलं दा विंची रिझॉल्व्हवर, शिक्षिकाबाईंना फुकट मिळणारं केडेनलाइव्ह पुरतं. कुठलं चांगलं यावर वाद झडतो आणि झडावा. ज्याच्या हातात जे हत्यार बसतं त्याच्याबद्दल माणूस हळवा असतोच.

दुसरा तास काकांनी सुरू केला. त्या तासात एकच प्रसंग पाहायचा. भिंतीवर लावायचा, थांबवायचा, मागे घ्यायचा, पुन्हा लावायचा, आणि कट तिथेच का पडला हे बोलून पाहायचं. कथा काय, अभिनय कसा, हे त्या तासात वर्ज्य नसलं तरी मागच्या बाकावर. अशाच एका संध्याकाळी पाहिलेल्या एका कटबद्दल मला लिहायचं आहे. चित्रपट आहे चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. कट आहे शेवटाकडचा, कोर्टाच्या रिकाम्या खोलीत अंधार होतो तिथला.

'कोर्ट' हा ताम्हाणे यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोंती विभागातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक त्याला मिळालं, पदार्पणासाठीचं 'लायन ऑफ द फ्यूचर'ही मिळालं, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला. छायाचित्रण मृणाल देसाई यांचं, संकलन रिखव देसाई यांचं. गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. नारायण कांबळे नावाच्या वयस्क लोकशाहिरावर आरोप आहे की त्यांनी वस्तीत गायलेल्या गाण्यामुळे गटारात उतरून काम करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात चालतो, तारखा पडत राहतात.

कांबळेंच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार आहेत, शाहिरी संगीत संभाजी भगत यांचं आहे. सरकारी वकील नूतन झालेल्या गीतांजली कुलकर्णी, बचावाचे वकील विनय व्होरा झालेले विवेक गोम्बर, न्यायाधीश सदावर्ते झालेले प्रदीप जोशी. कोर्टाची खोली अगदी साधी. लाकडी बाकं, फायलींचे गठ्ठे, आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेली माणसं. कॅमेरा मागे कुठेतरी स्थिर उभा असतो आणि हलत नाही. प्रसंग सुरू होण्याच्या जरा आधीच तो तिथे येऊन उभा राहिलेला असतो आणि माणसं निघून गेल्यावरही थोडा वेळ तिथेच राहतो. कॉलेजच्या एका मुलाने सुरुवातीलाच विचारलं, "काका, यात संकलकाने केलं काय? कट तर फार कमी आहेत." काका म्हणाले, "ते शेवटी बोलू. आधी न्यायाधीश काय करतात ते बघ."

आम्ही बघितलं. मेलेल्या कामगाराची बायको साक्ष द्यायला उभी आहे. नवरा दारू प्यायचा, कारण त्याशिवाय ती घाण सोसत नसे. एक डोळा गटारातल्या वायूने गेलेला. उतरण्याआधी तो मॅनहोलमध्ये दगड टाकून झुरळं बाहेर येतात का पाहायचा. आत श्वास घेता येईल का, याची ती त्याची पारख. बाई हे सगळं सांगते तेव्हा तिचा आवाज चढत नाही, रडत नाही. विचारलं तेवढं सांगते. आणि मधूनमधून न्यायाधीश लेखनिकाकडे वळून तिचं म्हणणं इंग्रजीत, आटोपशीर करून, टंकायला सांगतात. तिच्या चार वाक्यांचं त्यांच्याकडे एक होतं. तिचं अडखळणं, थांबणं, आठवणं गळतं. उरतं ते रेकॉर्ड.

हे ऐकल्यावर खोलीत कुणीतरी म्हणालं, म्हणजे एडिटर न्यायाधीशच आहेत. अगदी बरोबर. त्या कोर्टात रात्रंदिवस संकलन चालू आहे. बोललेलं काटछाट होऊन कागदावर उतरतं, मराठी-हिंदीतलं इंग्रजीत जातं, आणि ज्याच्यावर निकाल लागायचा ते कागदावरचं. 'कोर्ट'ची मोठी करामत अशी की जे न्यायाधीश कापतात ते चित्रपट कापत नाही. कॅमेरा मागे उभा राहून बाईची चारही वाक्यं ऐकतो आणि त्यावरून झालेलं एक वाक्यही ऐकवतो. दोन्हींच्या मधली दरी प्रेक्षकाला स्वतःच्या कानांनी ऐकू येते. एखाद्या चलाख संकलकाने इथे बाईच्या डोळ्यांवर क्लोज-अप टाकला असता, मग टंकणाऱ्या बोटांवर, मग न्यायाधीशांच्या ओठांवर. तीन कटांत मुद्दा कळला असता. पण मग कापण्याचं काम चित्रपटानेही केलं असतं, कोर्टासारखंच. इथे कट न करणं हा चित्रपटाने घेतलेला पक्ष आहे.

आमच्या खोलीच्या खिडकीतून दिसत नाही, पण केसरीवाडा इथून काही पावलांवर आहे, म्हणून हे सांगितल्यावाचून राहवत नाही. गायकवाडांचा तो वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला. १९०८ साली 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तल्या अग्रलेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. जामीन नाकारला गेला. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे टिळकांनी आपला बचाव स्वतः केला, सुमारे एकवीस तास ते बोलले, आणि त्यातला मोठा भाग भाषांतराबद्दल होता. मराठीत लिहिलेले शब्द कोर्टासाठी इंग्रजीत नेताना त्यांचा रंग बदलला, सौम्य शब्दाला तिखट प्रतिशब्द दिला गेला, मूळ वाक्य वाचा, हे त्यांचं म्हणणं. ज्यूरीत सात युरोपियन होते आणि दोन पारशी; सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. नारायण पेठेत छापलेलं मराठी कोर्टाच्या कागदावर दुसरंच काही झालं आणि माणूस मंडालेला गेला. 'कोर्ट'मध्ये सरकारी वकीलबाई इंग्रजांच्या वेळच्या कायद्यांची कलमं एका दमात वाचून दाखवतात, तेव्हा या पेठेत बसलेल्या माणसाला ते वाचन लांबचं वाटत नाही.

आता तो कट.

कांबळे पुन्हा तुरुंगात आहेत, तब्येत ढासळली आहे. व्होरा जामीन मागतात. न्यायाधीश नाकारतात. उन्हाळ्याची सुट्टी लागणार आहे, कोर्ट महिनाभर बंद, तोवर हवं तर वरच्या कोर्टात जा. काम संपतं. माणसं उठतात, कागद गोळा करतात, निघतात. कॅमेरा नेहमीसारखा मागे स्थिर. खोली रिकामी होत जाते. मग दिवे मालवले जातात, एकामागून एक, आणि दृश्याचे भाग अंधारात जातात. शेवटी काहीच दिसत नाही. आणि चित्र काळंच राहतं. राहतं. थिएटरात मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा या जागी आजूबाजूच्या लोकांनी पायाने चपला चाचपायला सुरुवात केली होती. संपला असंच सगळ्यांना वाटलं. नावं वर सरकायला लागतील म्हणून वाट पाहत असताना पडद्यावर प्रवासाला निघालेली कुटुंबं आली, सामान, पोरं, बस. न्यायाधीश सदावर्ते सहलीला निघाले आहेत.

त्यानंतर जे आहे ते रिसॉर्टवरचं आहे. गप्पा, खेळ, पाणी. कुणाच्या मुलाला किती पगाराची नोकरी लागली. एका मुलाला बोलण्याची अडचण आहे, त्याच्या वडिलांना न्यायाधीश आपुलकीने अंकशास्त्राचा आणि खड्याचा सल्ला देतात. दुपारी ते बागेतल्या बाकावर डुलकी काढत बसतात. मुलं दबकत जवळ येतात, मोठ्याने ओरडून त्यांना दचकवतात आणि पळतात. जो हाताला लागतो त्याला न्यायाधीश थोबाडीत मारतात. मूल रडत जातं. ते पुन्हा डोळे मिटतात. चित्रपट संपतो.

त्या संध्याकाळी आम्ही एक प्रयोग केला. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं टाइमलाइनवर घेतली आणि तीन वेगळे शेवट लावून पाहिले.

पहिल्यात चित्रपट अंधारावर संपवला. रिसॉर्ट पूर्ण काढून टाकलं. खरं सांगतो, आमच्यातल्या निम्म्या लोकांना हा शेवट आवडला. दिवे मालवले, न्याय मालवला, असा अर्थ हाती येतो, गंभीर वाटतो, घरी घेऊन जाता येतो. शिक्षिकाबाईंनी मात्र डोकं हलवलं. त्या म्हणाल्या, "यात मला कांबळेंची दया येते आणि मी सुटते." मला ते वाक्य अजून विसरता आलेलं नाही. अंधारावर संपलेला चित्रपट व्यवस्थेबद्दल तक्रार करतो आणि प्रेक्षकाला तक्रार करणाऱ्यांच्या बाजूला बसवतो. तिथे बसणं सोपं असतं.

दुसऱ्यात रिसॉर्ट ठेवलं, पण अंधार कापला. शेवटचा दिवा गेला की अर्ध्या सेकंदात बस. हा शेवट सगळ्यांत वाईट. सहल हा पुढचा प्रसंग होऊन बसला, नूतनबाईंचं घर दाखवलं, व्होरांचं घर दाखवलं, आता न्यायाधीशांचं, इतकंच. चित्रपटात आधी हे येऊन गेलेलं आहेच: सरकारी वकीलबाई पाळणाघरातून मुलाला घेतात, घरी येऊन स्वयंपाक करतात, कुटुंबाबरोबर परप्रांतीयांवरचं मराठी नाटक पाहायला जातात, व्होरा एकटेच मोठ्या दुकानात चीज-वाइन घेतात, आईवडिलांशी गुजरातीत कुरबुरत जेवतात. अंधार कापला की सहल त्या माळेतला तिसरा मणी ठरते. हसू येतं, थपडेला तर एका मुलाला मोठ्याने हसू आलं. आणि सगळ्यांत आधी त्यालाच वाईट वाटलं.

मग मूळ कट, जसा आहे तसा. अंधार पूर्ण. कुणी बोललं नाही. थपडेनंतर कुणी हसलं नाही.

फरक कशाने पडला? फुटेज तेच, क्रम तोच, फक्त काळ्या चौकटी कमी-जास्त. माझ्या मते त्या अंधारात प्रेक्षक चित्रपट संपवून टाकतो. त्याच्या मनात निकाल लागतो, तो आवरायला लागतो, पुढचं काम आठवतो, घरी काय आहे ते आठवतो. तो त्या क्षणी स्वतःच्या सुट्टीत शिरलेला असतो. आणि तेवढ्यात पडद्यावर सुट्टी सुरू होते. न्यायाधीश जसे खटला कोर्टात ठेवून निघाले तसेच आपणही निघालो होतो, कांबळे तिथेच, तुरुंगात, महिनाभरासाठी. त्या काळ्या चौकटींत संकलकाने आपल्याला न्यायाधीशांच्या शेजारी, त्यांच्याच बसमध्ये नेऊन बसवलेलं असतं. म्हणून थपडेला हसता येत नाही.

आणि दुसरी गोष्ट. रेकॉर्ड अंधारापाशी संपतं. दिवे गेले की लेखनिक उठला, टंकायचं थांबलं. त्यापुढचं कुठल्याच फायलीत जाणार नाही: खड्याचा सल्ला, बाकावरची डुलकी, मुलाच्या गालावरचा हात. हा माणूस निकाल देताना कुठल्या समजुतींवर उभा असतो ते कोर्टाच्या खोलीत दिसणार नव्हतं. जे कागदावर येत नाही तिथपर्यंत कॅमेरा चालत गेला. साक्षीच्या प्रसंगात जे लांब शॉटने केलं, तेच इथे एका काळ्या पट्टीने.

काकांनी मग पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात त्यांचा स्प्लायसर होता, आणि पिवळ्या मेणपेन्सिलीचा एक तुकडा. मुलांनी हे कधी पाहिलेलं नव्हतं. फिल्मचा तुकडा खाचेत बसवायचा, भोकं दात्यांवर बरोबर बसली पाहिजेत, पातं खाली आणायचं, दोन टोकं शेजारी आणायची, वरून पारदर्शक चिकटपट्टी. मेणपेन्सिलीने आधी खूण करायची, कारण कापण्याआधी दहादा पाहायचं असतं. आपण कापतो ती वर्कप्रिंट, म्हणजे कामासाठी काढलेली प्रत. निगेटिव्ह कापायची वेळ सगळ्यांत शेवटी, आणि तिथे चुकलं तर चौकट कायमची गेली. निवडलेले तुकडे एका चौकटीला खिळ्यांवर टांगायचे, त्यांची टोकं खाली कापडी पिशवी लावलेल्या गाडीत लोंबत राहायची, जमिनीला लागून ओरखडे पडू नयेत म्हणून. त्या गाडीला बिन म्हणत. आज सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ज्या फोल्डरमध्ये ठेवतो त्याचं नाव बिनच आहे, आणि कापायच्या हत्याराच्या चित्रात अजून दाढीचं पातं असतं. दादा इतकी वर्षं त्या पात्यावर क्लिक करत होते. स्प्लायसरचं पातं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बोटाने हळूच तपासलं.

दादांचं स्वतःचं शिक्षण वेगळ्या हत्यारावर झालेलं. दोन व्हीएचएस डेक शेजारी, एकावर वाजवायचं, दुसऱ्यावर घ्यायचं. कट क्रमानेच करत जायचं. सप्तपदी झाल्यावर लक्षात आलं की मंगलाष्टकांत मामांचा शॉट राहिला, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा करा, नाहीतर केलेल्या टेपवरून नवी टेप काढा आणि चित्र आणखी फिकं होऊ द्या. त्या टेपांवरची लग्नं पाहिली तर एक गोष्ट जाणवते: शॉट लांब आहेत. आज्जी पाटावर बसल्या आहेत तर बसल्या आहेत, पुरे मिनिटभर. आज त्याच घरची माणसं जुनी टेप डिजिटल करून मागायला येतात तेव्हा त्यांना ते मिनिटच हवं असतं, कारण आज्जी आता नाहीत. दादांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा बदलला. तेव्हा कंटाळवाणं वाटेल म्हणून ते मिनिट कापायला हवं होतं, असं त्यांना वर्षानुवर्षं वाटत होतं.

काकांचा हिशोब फुटांचा. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी, सेकंदाला चोवीस, म्हणजे एक सेकंद दीड फूट. दहा सेकंद पंधरा फूट. हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटांचं. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "हे साधारण साडेपाच फूट, म्हणजे पावणेचार सेकंदांच्या आतबाहेर. तो अंधार फिल्मवर असता तर किती वाव काळी पट्टी मला हातातून सोडायला लागली असती, विचार करा. प्रत्येक वावेला वाटलं असतं, पुरे आता." मग मघाच्या प्रश्नाकडे वळले. संकलकाने काय केलं? संकलकाने हात आवरला. प्रत्येक शॉटच्या शेवटी, माणसं गेल्यावर, आणि शेवटी त्या अंधारात. कापता येत असताना.

मुलांना हे पटलं की नाही, सांगता येत नाही. पण एकीने लगेच टाइमलाइनवर जाऊन काळी जागा पुन्हा वाजवली, डोळे मिटून, आणि स्वतःच्या मनात किती वेळाने "पुरे" येतं ते बोटांवर मोजलं. आम्ही सगळ्यांनी मोजलं. प्रत्येकाचं वेगळं आलं. मूळ अंधार त्या सगळ्यांच्या पुरेच्या पुढचा आहे.

यावरून लांब शॉट म्हणजे चांगला आणि भरभर कट म्हणजे वाईट, असा सोपा नियम कुणी काढू नये. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा शेवट, संकलन चंदन अरोरा यांचं, त्याच्या बरोबर उलट आहे. त्यातल्या शाळकरी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. तिथे क्षणभराचाही उशीर झाला असता तर दगड कुणा दुसऱ्याला लागला असता. तो कट इतका झटकन पडतो म्हणून तो आपल्या कपाळावर बसतो. दोन्ही चित्रपट वर्षभराच्या अंतराने आपल्या भाषेत आले, दोन्हींत प्रेक्षकाला अंधारात उभं केलं आहे. एकात अंधार शेवट करतो, दुसऱ्यात अंधार शेवट करू देत नाही. दोन्ही ठिकाणी चौकटींची संख्या बदलून पाहा, अर्थ मोडतो. संकलनाचा कस मी तरी इथेच लावतो.

'कोर्ट'बद्दल एक तक्रार मी ऐकली आहे, आणि ती साफ चुकीची नाही. व्होरांवर रेस्टॉरंटबाहेर हल्ला होतो, तोंडाला काळं फासलं जातं, नंतर ते पार्लरमध्ये दिसतात. हा सगळा प्रवास बाकीच्या चित्रपटापेक्षा अधिक आखलेला वाटतो. मलाही वाटतो. तिथे प्रसंग आपल्याला काय वाटायला हवं ते थोडं आधी ठरवून आलेला आहे. उरलेल्या चित्रपटात हे कुठे घडत नाही, म्हणून इथे उठून दिसतं.

आमच्या खोलीतली त्या दिवशीची बैठक नऊला संपायची ती दहाला संपली. खाली केळकर रस्त्यावर दुकानांची शटरं पडली होती. काकांनी स्प्लायसर डब्यात ठेवला आणि डबा अंधार मोजणाऱ्या त्या मुलीकडे दिला, महिनाभर वापरून बघ म्हणून. पुढच्या बैठकीला 'संत तुकाराम' ठरला आहे. तो दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली लकडी पुलापलीकडे प्रभातच्या स्टुडिओत केला; १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे ती त्याच जागेत. संकलन ए. आर. शेख यांचं. काकांना त्यातला तुकोबा आणि त्यांचा हेवा करणारा सालोमालो यांच्या मधला कट दाखवायचा आहे.

तुम्ही 'कोर्ट' पाहिला नसेल तर पाहा, आणि शक्य तर दोघा-चौघांनी एकत्र बसून पाहा, म्हणजे नंतर बोलता येईल. घरी पाहणार असाल तर एवढंच करा: पडदा काळा झाला की रिमोटला हात लावू नका.